नर्सिंगचे शिक्षण घेताना रुग्णालयात मदतनीसाची नोकरी : घ्यावी का, कोणती आणि किती

इंदूरच्या सुदामानगरमधील एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे. ती बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सत्रात शिकते आणि वडिलांचे काम सुटल्यामुळे घरात पैशांची ओढाताण आहे. एका खासगी नर्सिंग होममध्ये तिला अटेंडंटची नोकरी मिळते आहे : रात्री आठ ते सकाळी आठ, आठवड्यातून सहा रात्री. "तू डिग्री करते आहेस, म्हणजे इंजेक्शनेही देशील, म्हणून पगार थोडा वाढवून देऊ," असेही तिला सांगण्यात आले आहे. ही नोकरी घ्यावी का, ती पुढे अनुभव म्हणून धरली जाईल का आणि महाविद्यालयाला कळवावे का, असे तिने विचारले आहे.

मी इंदूरमध्ये आधी वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून आणि नंतर विद्यार्थ्यांची क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून काम केले आहे. शिकता शिकता रुग्णालयात नोकरी करणाऱ्या अनेक मुली आणि मुले मी जवळून पाहिली आहेत. त्या आधारावर माझे उत्तर स्पष्ट आहे : तुम्हाला देऊ केलेली नोकरी घेऊ नका, मात्र रुग्णालयातली कोणतीच नोकरी घेऊ नका, असे माझे म्हणणे नाही. तुमची उपस्थिती आणि झोप शाबूत राहील इतकेच तास असतील आणि तुम्ही मदतनीसाच्या मर्यादेबाहेर एक पाऊलही टाकणार नसाल, तर अशी नोकरी चांगली नर्स घडवते. या दोन अटींपैकी एक जरी मोडली, तरी तीच नोकरी तुमचे शिक्षण खाऊन टाकते.

आधी तासांचा हिशेब पाहू, कारण तो कागदावर मांडला जात नाही तोवर सगळे जमण्यासारखे वाटते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमानुसार बी.एस्सी. नर्सिंगचे एक सत्र वीस आठवड्यांचे असते आणि आठवड्याला चाळीस तास वर्ग, प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांत जातात. शेवटच्या सत्रातील इंटर्नशिपमध्ये तर बावीस आठवडे, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम असते. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींची ८० टक्के उपस्थिती लागते आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक क्लिनिकल विभागातील उपस्थिती १०० टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे वॉर्ड पोस्टिंगचा (वॉर्डात प्रत्यक्ष शिकण्याच्या पाळीचा) बुडालेला प्रत्येक दिवस नंतर भरून द्यावाच लागतो. आता आठवड्याचे १६८ तास घ्या. त्यांतून सहा रात्रींचे ७२ तास आणि महाविद्यालयाचे ४० तास वजा केले, की ५६ उरतात. दिवसाला आठ तास. या आठ तासांत झोप, अंघोळ, जेवण, खंडवा रोड किंवा बायपासच्या बाजूला असलेल्या महाविद्यालयापर्यंतचा प्रवास, अभ्यास, असाइनमेंट आणि घरातली कामे हे सगळे बसवायचे आहे. ते बसत नाही. शिवाय रात्रपाळी आठला संपते आणि सकाळचे पोस्टिंगही साधारण आठलाच सुरू होते. आठच्या ठोक्याला ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) देऊन कुणी निघाले, असे मी क्वचितच पाहिले आहे.

माझ्या मते पूर्णवेळ नर्सिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आठवड्याला जास्तीत जास्त सोळा तास काम करावे, म्हणजे आठ तासांच्या दोन पाळ्या, शक्यतो शनिवारी सायंकाळी आणि रविवारी दिवसा. परीक्षेपूर्वीच्या महिन्यात तेही बंद ठेवावे. हा आकडा कोणत्याही नियमात लिहिलेला नाही. विद्यार्थी कुठे टिकले आणि कुठे कोलमडले, हे पाहून मी तो सांगते आहे.

झोपेबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तरुण वयात तिचे मोल सर्वांत कमी वाटते. दिवसभर वाचलेले आणि हातांनी केलेले काम मेंदू झोपेतच पक्के करतो. शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय रात्र जागून वाचता येतात, पण जागलेल्या मेंदूत ते राहत नाहीत. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, लक्ष उडते आणि हात मंदावतात. अनुभवी माणसालाही हे टळत नाही. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढिली होते, असे संशोधनात दिसून आले आहे. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. रात्रपाळी उतरून स्कूटीने थेट महाविद्यालय गाठणारी विद्यार्थिनी त्या मर्यादेच्या पलीकडे असते, आणि त्याच अवस्थेत तिला एखाद्या रुग्णाचा रक्तदाब मोजून तक्त्यावर लिहायचा असतो.

परदेशात असलेल्या नातेवाइकांकडून तुम्ही ऐकले असेल, की अमेरिकेत नर्सिंगचे अनेक विद्यार्थी नर्सिंग असिस्टंटची नोकरी करतात. ते खरे आहे आणि तिथे ते चांगले चालतेही. मात्र तिथे या कामाची चौकट आखलेली आहे. नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या सहायकांसाठी १९८७ च्या केंद्रीय कायद्याने किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली आहे, प्रत्येक राज्यात त्यांची नोंदवही असते, आणि आठवड्यातून एक किंवा दोन पाळ्यांपुरती नेमणूक सहज मिळते. आपल्याकडे अटेंडंट बहुधा महिन्याच्या पगारावर आणि पूर्ण ड्यूटीवर ठेवला जातो. त्यामुळे "तिथे जमते तर इथे का नाही" ही तुलना घेऊन निर्णय करू नका.

आपल्या शहरात अर्धवेळ काम मिळणे अवघड आहे, पण अशक्य नाही. मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयांना रविवारी आणि सणासुदीला माणसे कमी पडतात. दिवाळीत, रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी, लग्नसराईत सुट्टीवर गेलेल्यांच्या जागी रिलीव्हर लागतात. अशा रुग्णालयाच्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटना किंवा मेट्रनना थेट भेटा. एचआरच्या खिडकीवर अर्ज ठेवून परत येऊ नका, कारण कोणत्या वॉर्डात कुणाची सुट्टी आहे हे मेट्रनलाच ठाऊक असते. ओपीडीतील नोंदणी, पॅथॉलॉजीचे काउंटर, वैद्यकीय नोंदी विभाग आणि बिलिंग ही कामे बसून करण्याची असतात आणि त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. त्यांतून रुग्णालय कसे चालते ते समजते, पण रुग्ण समजत नाही.

त्याहून चांगली आणि विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात न येणारी जागा म्हणजे सीएसएसडी, निर्जंतुकीकरण विभाग. दार बंद असते, बाहेरून काही दिसत नाही आणि काम कंटाळवाणे असेल असे वाटते. प्रत्यक्षात तिथे सहा महिने काम केलेल्या विद्यार्थ्याला अवजारे नावानिशी ओळखता येतात, कोणत्या शस्त्रक्रियेच्या सेटमध्ये काय असते हे हातांना पाठ होते, आणि तिसऱ्या सत्रातला सूक्ष्मजीवशास्त्र व संसर्ग नियंत्रणाचा विषय त्याच्यासाठी निम्मा सोपा होऊन जातो. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला पंधरा ते वीस मिनिटे का लागतात आणि १३४ अंशांना तीन-चार मिनिटांत तेच काम कसे होते, ड्रम गच्च भरला तर वाफ आत का पोहोचत नाही, रक्त सुकलेले अवजार न घासता आत टाकले तर ते गरम होते पण निर्जंतुक का होत नाही, आणि पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे आतले सगळे जंतू मेले असे का समजू नये, हे तिथे रोज डोळ्यांसमोर घडते. रुग्णाला थेट हात लावावा लागत नसल्याने मर्यादा ओलांडण्याचा मोहही तिथे नसतो. सायंकाळच्या पाळीत, दिवसभराच्या शस्त्रक्रियांची अवजारे परत येतात तेव्हा, या विभागाला जादा हात हवे असतात.

तरीही वॉर्डातील अटेंडंटचे काम मिळाले आणि तास ठीक असले, तर ते घ्या. मात्र ते डोळे उघडे ठेवून करा. आपल्याकडे या कामाला खालचे मानण्याची सवय आहे आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांतही ती असते, याचे मला फार वाईट वाटते. बेडपॅन देणे, चादर बदलणे, अंग पुसणे, कूस वळवणे, भरवणे हे सगळे नर्सिंग फाउंडेशनच्या पुस्तकात तुम्ही शिकताच. फरक एवढाच, की पोस्टिंगमध्ये दहा विद्यार्थिनी मिळून एका रुग्णाला स्पंज देतात, आणि नोकरीत तुम्हाला एका सकाळी एकटीने आठ-दहा जणांना द्यावा लागतो. हाताला वळण त्या दुसऱ्या परिस्थितीतच लागते.

वॉर्डात वर्षानुवर्षे काम केलेल्या मावशींकडे लक्ष द्या. खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना कमरेखाली धक्का न लागू देता पॅन कसा द्यायचा, रुग्ण खाटेवर असतानाच एकटीने खालची चादर कशी काढायची, ड्रॉशीट (कमरेखालची आडवी चादर) धरून दोघींनी एका लयीत रुग्णाला वर कसे सरकवायचे, हे त्या ज्या सफाईने करतात ती सफाई कोणत्याही प्रात्यक्षिक वर्गात पाहायला मिळत नाही. उचलण्यापूर्वी खाट कमरेच्या उंचीला आणा, गुडघे वाकवा, रुग्णाला अंगाजवळ घ्या आणि कंबर पिळू नका. पाठीचे दुखणे हा या पेशाचा सर्वांत जुना आजार आहे आणि तो विशीतल्या वाईट सवयींतून सुरू होतो.

अटेंडंटला रुग्णाचे अंग सर्वांत आधी दिसते. कूस वळवताना माकडहाडावर, टाचेवर किंवा खुब्यावर लाली दिसली, तर बोटाने हलके दाबून पाहा. दाबल्यावर ती पांढरी होत नसेल तर बेडसोरची सुरुवात झाली आहे. ती त्याच क्षणी सिस्टरना सांगायची, पाळी संपताना नव्हे. लघवीची पिशवी रिकामी करण्यापूर्वी मोजा. ६० किलो वजनाच्या माणसाला तासाला किमान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. चार तासांत पिशवीत ५० मिलिलिटरच असेल तर ती ओतून टाकून गप्प बसणे म्हणजे मूत्रपिंडे बंद पडत असल्याची खबर ओतून टाकणे आहे. भरवताना रुग्णाला उठवून बसवा आणि भरवल्यावर अर्धा तास आडवे करू नका. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या घोटाला ठसका लागला, तर तिथेच थांबा आणि सांगा. श्वास मात्र पूर्ण एक मिनिट मोजायला शिका. प्रौढ माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला बारा ते वीस असतो आणि टीपीआरच्या (तापमान, नाडी, श्वास) तक्त्यावर सगळ्या रुग्णांसमोर "वीस" लिहिण्याची वाईट सवय अनेक वॉर्डांत असते. बिघडणाऱ्या रुग्णाचा श्वास बहुधा रक्तदाबाच्या कितीतरी आधी वाढतो. तुम्ही अंग पुसत असताना ते तुमच्या डोळ्यांसमोर घडत असते.

इंदूरमध्ये मराठी येणाऱ्या मदतनीसाचा आणखी एक उपयोग मी वारंवार पाहिला आहे. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर भागांतील जुन्या मराठी घरांतली वृद्ध माणसे बाहेर आयुष्यभर उत्तम हिंदी बोललेली असतात, पण तापात, मेंदूच्या झटक्यानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमावस्थेत त्यांची हिंदी निसटते आणि मराठीच उरते. वॉर्डाला वाटते की आजी बरळत आहेत आणि त्यांचे हात खाटेला बांधले जातात. आजी प्रत्यक्षात लघवीला न्या, एवढेच म्हणत असतात. तसेच एम.वाय. या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन या भागांतून येणारे रुग्ण भिली, बारेली किंवा निमाडी बोलतात. त्यांतले "दुखते का", "तहान लागली का", "कुठे" एवढे जरी तुम्ही मावशींकडून शिकून घेतले, तरी रुग्ण तुमच्याशी बोलू लागतो, आणि बोलणाऱ्या रुग्णाची तपासणी अधिक अचूक होते.

आता तुमच्या प्रश्नातील मला सर्वांत गंभीर वाटलेल्या वाक्याकडे येते. "इंजेक्शनेही देशील" असे सांगून ज्यांनी तुमचा पगार वाढवायची तयारी दाखवली, ते नोंदणीकृत नर्सचा पगार वाचवत आहेत आणि त्याची जोखीम तुमच्या व रुग्णाच्या माथी टाकत आहेत. तुम्ही म्हणाल, की पोस्टिंगमध्ये आम्ही इंजेक्शन देतोच. बरोबर आहे, पण तिथे तुमच्या शेजारी इन्स्ट्रक्टर उभी असते, औषध तिने तपासलेले असते, तुमच्या लॉगबुकात तिची सही असते आणि जबाबदारी तिची व संस्थेची असते. नोकरीच्या ठिकाणी यांतले काहीही नसते. अटेंडंटच्या पदावर असताना इंजेक्शन, सलाइन लावणे किंवा बदलणे, तोंडावाटे औषध देणे, कॅथेटर घालणे, नाकातल्या नळीतून आहार देणे आणि ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करणे ही कामे तुमची नाहीत.

यांतली शेवटची दोन किरकोळ वाटतात, म्हणून कारण सांगते. नळी पोटात आहे याची खात्री न करता आहार सोडला आणि ती घसरून श्वासमार्गात गेलेली असली, तर दूध थेट फुप्फुसात जाते. ऑक्सिजनचेही तसेच आहे. वर्षानुवर्षे विडी ओढून फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णाला धाप लागली, की नातेवाईक अटेंडंटला म्हणतात, "जरा वाढवा ना." अशा रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मुद्दाम ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवलेले असते, प्रवाह खूप वाढवला तर त्याच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, तो शांत झोपल्यासारखा दिसतो आणि बेशुद्धीत जातो. औषधांच्या बाबतीत मला सर्वांत भीती वाटते ती पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युलची. ते भरपूर सलाइनमध्ये मिसळून हळूहळू द्यायचे असते. थेट शिरेत सोडले तर हृदय थांबते. आणि लहान नर्सिंग होममध्ये ते डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलशेजारी, त्याच ट्रेमध्ये पडलेले मी पाहिले आहे. पहाटे चार वाजता, अंधुक प्रकाशात, सहाव्या रात्री जागणाऱ्या दुसऱ्या सत्रातल्या मुलीच्या हाती तो ट्रे देणे हा गुन्हा आहे, असे माझे ठाम मत आहे.

नाही म्हणायची भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. म्हणून वाक्य तयार ठेवा आणि त्याला मदतीची जोड द्या : "सिस्टर, मी इथे अटेंडंट म्हणून आहे, औषध मी देणार नाही, मी ट्रॉली लावून देते आणि रुग्णाजवळ थांबते." नव्वद टक्के वेळा समोरची थकलेली सिस्टर हे मान्य करते, कारण तिलाही मदतच हवी असते. जिथे हे वाक्य चालत नाही, तिथली नोकरी त्याच आठवड्यात सोडा. एक अपवाद मात्र स्पष्ट समजून घ्या. रुग्ण प्रतिसाद देत नसेल आणि श्वास थांबला असेल, तर मोठ्याने मदतीला हाक मारून छातीवर दाब देणे हे प्रशिक्षण घेतलेल्या कुणाचेही कर्तव्य आहे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल. तिथे पदाचा विचार करायचा नाही.

अनुभवाच्या प्रमाणपत्राबद्दल तुमची निराशा होईल, पण आत्ताच कळलेले बरे. नर्सच्या पदासाठी मागितला जाणारा अनुभव हा अर्हता मिळाल्यानंतरचा असतो. उदाहरणार्थ, एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) पदविकाधारकांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो पदविकेनंतरचा असावा लागतो, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना त्या भरतीत अनुभवाची अटच नाही. त्यामुळे अटेंडंटच्या कामाचे प्रमाणपत्र घ्या, पण त्यावर "अटेंडंट" किंवा "वॉर्ड असिस्टंट" असेच लिहून घ्या. "स्टाफ नर्स" असे लिहून देण्याची उदारता काही ठिकाणी दाखवली जाते. नोंदणीच्या तारखेआधीचे ते प्रमाणपत्र पुढे कागदपत्र पडताळणीत तुमच्याच विरोधात उभे राहते.

नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी हिपॅटायटिस बीच्या लसी सुरू करा : पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करून घ्या आणि तो अहवाल जपून ठेवा. १० किंवा त्याहून अधिक पातळी आली म्हणजे संरक्षण तयार झाले. सुई टोचण्याचे अपघात मदतनीसांनाही होतात, कारण कुणीतरी चादरीत किंवा पिवळ्या पिशवीत टाकलेली सुई त्यांच्या हाताला लागते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया आणि धारदार वस्तू पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात. रक्ताचा कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्यात. सलाइनचे सेट, नळ्या, हातमोजे लाल रंगात. काचेच्या बाटल्या आणि अँप्युल निळ्यात. पिशवी कधीही हाताने दाबू नका आणि अंगाला लावून वाहू नका. टोचलेच तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचे. एचआयव्हीविरोधी औषधे शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. "मालक रागावतील" म्हणून दोन दिवस गप्प बसलेली मुले मी पाहिली आहेत. असे कधीही करू नका.

पैशांबाबत थोडक्यात सांगते. नोकरीआधी बँकेत जाऊन या. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारण न ठेवता मिळण्याची सोय आहे, आणि हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गात येत असाल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल, तर पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज चुकवू नका. शिष्यवृत्ती, कर्ज आणि आठवड्याला सोळा तास हे मिळून सहा रात्रींच्या पगाराइतके होणार नाहीत, हे मी जाणते; पण सहा रात्रींचा पगार घेऊन एक सत्र मागे राहिलात, तर त्या सत्राची फी आणि नर्स म्हणून मिळाला असता तो सहा महिन्यांचा पगार दोन्ही जातात.

आणखी एक रस्ता तुम्हाला कुणीतरी सुचवेल : "नॉन-अटेंडिंग" करून घ्या, हजेरी लागत राहील, तुम्ही नोकरी करा. आपल्या राज्यात या रस्त्याने काय झाले ते सर्वांसमोर आहे. नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेतील गैरप्रकारांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली, अनेक महाविद्यालये निकषांत बसत नसल्याचे आढळले, परीक्षा रखडल्या आणि प्रामाणिकपणे शिकणाऱ्या हजारो मुलामुलींची वर्षे त्यात गेली. कागदावरच्या हजेरीने पदवी मिळाली तरी पहिल्या रात्रपाळीत समोर खरा रुग्ण असतो.

महाविद्यालयाला कळवायचे का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि लेखी कळवायचे. प्राचार्यांच्या नावे छोटा अर्ज करा : रुग्णालयाचे नाव, पद, आठवड्याचे तास आणि पाळ्या, आणि "माझ्या क्लिनिकल पोस्टिंगच्या वेळांना याचा अडथळा येणार नाही" हे एक वाक्य. वर्गशिक्षिकेला आधी तोंडी सांगा. बहुतेक शिक्षिका अशा विद्यार्थिनीला मदतच करतात. तुमची पोस्टिंगची यादी आधी हाती देतात, रविवारी ठेवलेली शिबिराची ड्यूटी बदलून देतात. महाविद्यालयाच्याच पालक रुग्णालयात नोकरी मिळत असेल, तर ती सोयीची वाटेल, पण मी ती शक्यतो टाळायला सांगेन. तिथे सकाळी तुम्ही विद्यार्थिनी आणि रविवारी अटेंडंट असता, तेव्हा वॉर्डातील माणसे कमी पडली की पोस्टिंगच्या वेळेतही तुम्हालाच हाक मारली जाते आणि इन्स्ट्रक्टर शिकवत असलेली केस तुमच्या हातून सुटते. दुसरा पर्यायच नसेल, तर पोस्टिंगच्या वेळेत अटेंडंटचे काम सांगितले जाणार नाही, हे नर्सिंग सुपरिंटेंडेंटकडून नेमणूकपत्रातच लिहून घ्या. नेमणूकपत्रावर पद, तास, साप्ताहिक सुट्टी आणि पगार असायला हवा, आणि रुग्णालयाला कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू असेल तर २१,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर तुमची नोंदणी झाली आहे का, हेही विचारा. तोंडी बोलण्यावर काम सुरू करू नका. देऊ केलेल्या नर्सिंग होमला नकार कळवताना कारणे सांगत बसण्याची गरज नाही. महाविद्यालयाच्या वेळा जुळत नाहीत, एवढे पुरे आहे.